पाथर्डीची वैरण : गंजी, पेव आणि मुरघास

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पूर्व कडेला, गर्भगिरीचे डोंगर आणि बीड जिल्ह्याची सीमा यांच्या दरम्यान पसरलेला पाथर्डी तालुका पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. वर्षाकाठी साधारणपणे ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस, तोही पावसाळ्याच्या चार महिन्यांत मोठमोठे खंड देत पडणारा, अशी येथील स्थिती असल्यामुळे रान हिरवे असण्याचे दिवस थोडे आणि गुरे दावणीवर पोसण्याचे दिवस पुष्कळ, हा हिशेब शेतकऱ्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मांडला गेला आहे. त्यामुळे या भागातील वैरणीचा इतिहास हा प्रामुख्याने तिच्या साठवणीचा इतिहास ठरतो. साठवणीचे जुने मार्ग वाळवणाचे होते. मुरघास, म्हणजे हिरवा चारा बारीक कापून, दाबून, हवा कोंडून आंबवणे आणि ओला असतानाच टिकवणे, हा मार्ग येथे फार उशिरा रुळला. सरकारी शेतीखात्याला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ठाऊक होता, तरी पाथर्डीच्या गोठ्यांपर्यंत पोचायला त्याला शंभराहून अधिक वर्षे लागली. या विलंबाचे खापर सहसा शेतकऱ्याच्या अज्ञानावर फोडले जाते. परंतु पाणी, पीक, जनावर आणि राबणारे हात यांचा मेळ तपासून पाहिला, तर ते खापर चुकीच्या माथ्यावर फुटले आहे हे स्पष्ट होते.

वाळल्या वैरणीत पहिला मान रब्बी ज्वारीच्या कडब्याचा. परतीच्या पावसाने काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर वाढणारी ही ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये काढली जाई, कणसे खुडून झाली की ताटांच्या पेंढ्या बांधल्या जात, त्या काही दिवस शेतातच बुचाड लावून उभ्या ठेवल्या जात आणि पुरत्या वाळल्यावर घराजवळ किंवा खळ्यालगत त्यांची गंजी रचली जाई. गंजी रचणे हे कसबाचे काम होते, कारण पेंढ्यांचा उतार बाहेरच्या बाजूला राहिला नाही आणि माथा नीट शाकारला नाही, तर पावसाचे पाणी आत उतरून सगळा कडबा काळा पडे. नीट रचलेली गंजी वर्ष-दोन वर्षे टिके, आणि दारात किती गंज्या उभ्या आहेत यावरून घराची ऐपत जोखली जाई. मोहोळच्या संशोधन केंद्रावर १९३०च्या दशकात निवड पद्धतीने पुढे आलेली मालदांडी ३५-१ ही ज्वारी या पट्ट्यात इतकी रुजली, याचे कारण तिच्या मोत्यासारख्या दाण्याइतकेच तिच्या उंच, पानाळ आणि गुरे आवडीने खातात अशा कडब्यातही होते. त्याच्या खालोखाल खरीप बाजरीचे सरमाड आणि तूर-हरभऱ्याचे भुसकट येई. कडब्यात प्रथिनांचे प्रमाण जेमतेम ३ ते ४ टक्के असते, त्यामुळे त्यावर बैल जगतो, नांगराला उभा राहतो, पण दुभती गाय भरघोस दूध देऊ शकत नाही. ही गोष्ट पुढच्या विवेचनात महत्त्वाची आहे.

दुसरा साठा डोंगरावरच्या गवताचा. गर्भगिरीच्या उतारांवर आणि गावोगावच्या गायरानांवर पवन्या, मारवेल, डोंगरी आणि कुसळी ही गवते आपापल्या जमिनीप्रमाणे वाढत आली आहेत. यांपैकी मारवेल आणि पवन्या ही चांगल्या कुरणाची लक्षणे मानली जातात, तर चराई अनावर झाली की त्यांची जागा कुसळी घेते, जिच्या टोकदार कुसळांमुळे गुरांची आणि विशेषतः मेंढरांची तोंडे व कातडी जखमी होतात. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम बर्न्स यांनी एल. बी. कुलकर्णी आदी सहकाऱ्यांसह मुंबई इलाख्यातील गवताळ रानांचा जो अभ्यास १९२०च्या दशकात प्रसिद्ध केला, त्यात कोणत्या गवतानंतर कोणते गवत येते, चराई रोखली तर रान कसे सुधारते, हे प्रश्न पद्धतशीरपणे हाताळलेले आहेत. अनुभवाने शेतकऱ्यालाही ते माहीत होते; त्याची अडचण अशी की रान सामायिक होते आणि राखणारा कोणी नव्हता.

हिरवा चारा कोंडून ठेवण्याची कल्पना या मातीला अगदीच परकी होती, असेही म्हणता येत नाही. दख्खनच्या काळ्या-मुरमाड जमिनीत धान्य साठवण्यासाठी पेव खणण्याची रीत फार जुनी आहे. तोंडाशी अरुंद आणि आत रुंद होत जाणाऱ्या या खड्ड्याच्या भिंती आणि तळ काड-पाचटाने झाकून त्यात ज्वारी भरली जाई, वर पुन्हा काड घालून आणि दगड ठेवून तोंड मातीने लिंपून टाकले जाई. आत कोंडलेल्या हवेतील प्राणवायू दाण्यांच्या आणि सूक्ष्मजीवांच्या श्वसनात संपून जाई, कर्बवायू साठे, आणि त्यामुळे किडा-मुंगीला तेथे जगणे अशक्य होई. पेव उघडल्यावर लगेच आत उतरू नये, ते काही काळ उघडे ठेवावे आणि दिवा सोडून पाहावा, दिवा विझला तर माणसाने जाऊ नये, हा दंडक गावोगाव पाळला जाई आणि तो मोडल्याने माणसे गुदमरून दगावलीही आहेत. मुरघासाचा खड्डा ज्या तत्त्वावर उभा आहे त्यातले निम्मे तत्त्व, म्हणजे हवा काढून घेतली की नासाडी थांबते हे, पाथर्डीच्या शेतकऱ्याच्या घरात असे पिढ्यान्‌पिढ्या वापरात होते. दुसरे निम्मे तत्त्व आंबवण्याचे. ओल्या, बारीक कापलेल्या आणि घट्ट दाबलेल्या चाऱ्यात हवेशिवाय वाढणारे लॅक्टिक आम्लाचे जिवाणू वनस्पतीतील साखरेचे आम्लात रूपांतर करतात, सामू ४च्या आसपास उतरतो, आणि त्या आंबटपणात कुजवणारे जिवाणू तग धरू शकत नाहीत. येथे साखर पुरेशी हवी, ओलावा ६५ ते ७० टक्क्यांच्या आसपास हवा आणि हवा खरोखर बाहेर गेलेली हवी. तीनपैकी एक गोष्ट जरी चुकली तरी मुरघासाऐवजी दुर्गंधी चिखल हाती लागतो.

युरोपात या पद्धतीला आधुनिक रूप देण्याचे श्रेय फ्रान्सच्या सोलोन्य भागातील शेतकरी ऑग्युस्त गोफार यांना दिले जाते, ज्यांनी मक्याच्या मुरघासावरील आपले पुस्तक १८७७ साली प्रसिद्ध केले. त्याच सुमारास ही पद्धत अमेरिकेत पोचली आणि १८८०च्या दशकात इंग्लंडमध्ये तिच्याविषयी मोठा उत्साह निर्माण झाला. इंग्लंडातला उत्साह हिंदुस्थानात यायला वेळ लागला नाही. सरकारी प्रायोगिक शेते आणि लष्करी घोड्यांसाठी राखलेली गवताची कुरणे येथे खड्ड्यात गवत भरून पाहण्याचे प्रयोग त्याच दशकात सुरू झाले. अलाहाबादजवळ कृषिसंस्था उभारणारे अमेरिकन मिशनरी सॅम हिगिनबॉटम यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात खड्ड्याच्या मुरघासाचा दुष्काळावरील उपाय म्हणून हिरिरीने पुरस्कार केला, आणि लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही कृषी आयोगाच्या १९२८च्या अहवालातही चारा टिकवण्याच्या उपायांत त्याला स्थान मिळाले. फिनलंडचे रसायनशास्त्रज्ञ आर्तुरी व्हिर्तानेन यांना १९४५ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते ज्या कामासाठी, त्यात हिरव्या चाऱ्यात आम्ल मिसळून तो टिकवण्याच्या पद्धतीचा ठळक वाटा होता. अर्थात, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुरघासाचे शास्त्र पूर्णपणे हाताशी आले होते.

तरीही ते पाथर्डीत आले नाही, आणि त्याचे कारण साध्या गणितात सापडते. एका मोठ्या गाईला दिवसाला २० किलो मुरघास द्यायचा आणि उन्हाळ्याचे ९० दिवस काढायचे म्हटले, तर १,८०० किलो मुरघास लागतो; नीट दाबलेल्या खड्ड्यात एका घनमीटरला ५०० ते ६०० किलो चारा बसतो, म्हणजे एका गाईसाठी तीन-साडेतीन घनमीटरचा खड्डा पुरतो. खड्डा ही अडचण कधीच नव्हती. अडचण होती ती खड्ड्यात भरायच्या दोन टन हिरव्या चाऱ्याची, जो ऐन पावसाळ्यात गुरांच्या तोंडचा काढून बाजूला ठेवावा लागणार होता. कोरडवाहू रानात खरिपात बाजरी आणि कडधान्ये, रब्बीत ज्वारी. हिरवी कापून गाडावी अशी ज्वारी कोणाच्याही शेतात जास्तीची नव्हती, कारण तिच्या कणसांवर घरातली माणसे अवलंबून होती. कडब्याचे मोठेपण हेच की तो धान्य घरात आल्यानंतर उरतो. मुरघासाचे पीक मात्र दाणा चिकात असतानाच कापावे लागते, म्हणजे धान्यावर पाणी सोडावे लागते. ज्या घरात धान्य पुरत नाही त्या घराने हा सौदा नाकारला, यात अडाणीपणा कोठे आहे हे दाखवणे अवघड आहे.

उष्ण प्रदेशातील गवतांचा स्वभावही या पद्धतीला फारसा अनुकूल नाही. थंड हवेतील गवतांच्या मानाने त्यांत विरघळणारी साखर कमी असते, खोडे जाड असल्याने दाबताना आत हवा राहते, आणि फुलोऱ्यानंतर ती झपाट्याने राठ होतात. चवळी, लसूणघास, स्टायलो यांसारख्या द्विदल चाऱ्याची अडचण निराळी : त्यांत प्रथिने आणि चुना भरपूर असल्यामुळे तयार होणारे आम्ल ते जणू गिळून टाकतात, सामू खाली उतरत नाही, आणि मग ब्युटिरिक आम्ल तयार करणारे जिवाणू माजून चारा कुजतो. म्हणून गवतात मळी किंवा गूळ मिसळणे, चारा काही तास सुकवून ओलावा कमी करणे, द्विदल चारा एकटा न भरता मक्याच्या किंवा ज्वारीच्या तीन भागांत एक भाग या बेताने मिसळणे असे उपाय पुढे सुचवले गेले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने २००० साली उष्ण प्रदेशातील लहान शेतकऱ्यांच्या मुरघासावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही मुरघास जमतो पण लहान शेतकरी तो फारसा स्वीकारत नाहीत, हा पेच मध्यवर्ती आहे. तेथेच नेपाळमधील प्लास्टिकच्या लहान पिशव्यांतील मुरघासाचा प्रयोगही नोंदलेला आहे, ज्यात खड्ड्याऐवजी एका-दोघांनी उचलता येईल एवढ्या पिशवीचा विचार केला गेला.

दुष्काळाने या गणिताचा कठोरपणा वारंवार उघडा केला. १८७६–७७, १८९६–९७ आणि १८९९–१९००च्या दुष्काळांत तेव्हाचा अहमदनगर जिल्हा होरपळला. पाथर्डी तेव्हा शेवगाव तालुक्यात मोडत असे. धान्य रेल्वेने आणता येई, पण वैरण वजनाला हलकी आणि जागा फार व्यापणारी असल्यामुळे ती लांबून आणणे परवडत नसे, आणि रेल्वेमार्गापासून दूर असलेल्या या भागात तर ती पोचणेच कठीण होते. म्हणून माणसे कामावर जगली तेथेही गुरे मेली. १९७२च्या दुष्काळात सरकारी कामे निघाली, त्यांतून पुढे रोजगार हमीचा कायदा आकाराला आला, आणि गुरांसाठी छावण्या उघडल्या गेल्या. त्यानंतर २००३–०४, २०१२–१३ आणि २०१८–१९ या वर्षांत छावणी हा पाथर्डीच्या उन्हाळ्याचा परिचित भाग बनला. छावणीत मिळणारा चारा बहुतांशी ऊस असे, जो पोट भरतो पण ज्यात प्रथिने अत्यल्प असतात. चारा जेथे संपतो तेथे तो ऐनवेळी वाहून आणण्यावर सरकारने वारंवार खर्च केला. जेथे आणि जेव्हा तो उगवतो तेथेच तो राखण्यावर तेवढे लक्ष दिले नाही, ही या धोरणाची मोठी उणीव मानावी लागते.

या दरम्यान जुनी व्यवस्था दोन बाजूंनी बदलत होती. १९६४ साली सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण प्रसारित झाला आणि खरीप ज्वारीचे धान्य वाढले, पण बुटक्या ताटांमुळे कडबा घटला. दुसरीकडे साखर कारखानदारी वाढली आणि पाथर्डी, शेवगाव तसेच शेजारच्या बीड जिल्ह्यातील कोरडवाहू कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन, बैलगाडीसह ऊसतोडीला जाऊ लागली. वैरणीच्या इतिहासात या स्थलांतराची नोंद सहसा होत नाही, पण ती व्हायला हवी, कारण दसऱ्यानंतर बैल ज्या फडावर जात तेथे उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याची हिरवी पाने, त्यांना चार-पाच महिने मिळत. गावात वैरण नाही म्हणून गुरांनीच वैरणीकडे चालत जावे, असा हा साठवणीला पर्याय होता. त्याची किंमत मात्र शाळा सुटलेल्या मुलांनी आणि फडावर कोपीत राहणाऱ्या बायकांनी मोजली.

मुरघासाला खरी वाट करून दिली ती संकरित गाईने. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळी कांचन येथे स्थापन केलेल्या बाएफ या संस्थेचे कृत्रिम रेतनाचे काम, दूध महापूर योजना आणि जिल्ह्यातील सहकारी व खाजगी दूध संकलन यांमुळे गोठ्यात होल्स्टीन-जर्सी रक्ताच्या गाई आल्या. बैलाला कडबा पुरतो, पण दिवसाला १५ लिटर दूध देणाऱ्या गाईला बाराही महिने एकसारखा हिरवा चारा लागतो, आणि त्या चाऱ्याचा खर्च दूध भरून देते. त्यामुळे धान्याऐवजी चारा पिकवण्याचा जो सौदा पूर्वी आतबट्ट्याचा होता तो प्रथमच परवडू लागला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने विकसित केलेला आफ्रिकन टॉल हा उंच, पानाळ मका आणि यशवंत, फुले जयवंत यांसारखे बाजरी-नेपिअर गवताचे संकरित वाण जिल्ह्यात पसरले. मका मुरघासासाठी जणू घडवलेला आहे, कारण त्याच्या ताटात आणि चिकातल्या दाण्यात साखर-पिष्ट पुरेसे असल्याने तो बाहेरून काही न मिसळताही चांगला आंबतो. विहिरीवरचे वीजपंप, मुळा धरणाच्या उजव्या कालव्याचे तालुक्याच्या उत्तर भागातील काही गावांना मिळणारे पाणी, आणि २०१६ पासूनच्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर वाढलेली प्लास्टिक अस्तराची तळी यांमुळे एखाद-दुसऱ्या एकरात चाऱ्याचा मका घेणे मध्यम शेतकऱ्याच्या आवाक्यात आले. विजेवर चालणाऱ्या कुट्टी यंत्राने हाताच्या अडकित्त्याचे कष्ट संपवले, आणि जाड प्लास्टिकच्या पिशव्यांनी खड्ड्याचा, त्याच्या झाकणीचा आणि पावसाच्या पाण्याचा प्रश्न सोडवला.

आज तालुक्यात मुरघास करण्याची रीत साधारण अशी दिसते. पेरणीनंतर ७५ ते ९० दिवसांनी, कणसातला दाणा चिकातून पिठूळ होऊ लागला की मका कापायचा, त्याची दोन-तीन सेंटिमीटरची कुट्टी करून ती पिशवीत किंवा खड्ड्यात थराथराने भरायची, प्रत्येक थर पायाने किंवा ट्रॅक्टरने तुडवून घट्ट करायचा आणि तोंड हवाबंद करून ४५ ते ६० दिवस हात लावायचा नाही. चांगला मुरघास पिवळसर-हिरवा, आंबूस गोड वासाचा निघतो. काळपट, चिकट आणि घाण वासाचा निघाला तर तो गुरांना घालत नाहीत. एकदा तोंड उघडले की रोज ठरावीक थर काढत राहावा लागतो, नाहीतर आत शिरलेल्या हवेने बुरशी धरते, आणि म्हणूनच एक-दोन गाई असलेल्या घराला मोठ्या खड्ड्यापेक्षा लहान पिशवी सोयीची पडते. जिल्ह्याच्या बागायती तालुक्यांत यंत्राने भरलेल्या गाठींचा व्यापार उभा राहिला आहे, आणि पाण्याअभावी मका न घेऊ शकणारे दूध उत्पादक त्या विकत घेतात. ज्या वैरणीचे दुष्काळात वाहतुकीपाशीच अडत असे, तीच आता दाबून, बांधून मालमोटारीने हलू लागली आहे.

परंतु यातून आलेला मुरघास हा मक्याचा, म्हणजे पाण्याचा मुरघास आहे. २०१८ साली भारतात शिरलेल्या आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोचलेल्या, मका फस्त करणाऱ्या अमेरिकन लष्करी अळीने एकाच पिकावर विसंबण्याचा धोका दाखवून दिला. पाऊस चुकला की तळे भरत नाही, आणि मग मका नाही तर मुरघासही नाही. कोरडवाहू शेतकऱ्यासाठी आणि चार शेळ्यांवर संसार करणाऱ्या भूमिहीनासाठी ज्या वनस्पती उपयोगाच्या, त्यांवरील काम राहुरीलाच झाले आहे : मारवेल गवताचे सुधारित वाण, फुले क्रांती हा स्टायलोचा वाण आणि बांधावर वाढणारा दशरथ घास ही त्याची उदाहरणे. शेजारच्या नगर तालुक्यातील हिवरे बाजारने चराईबंदी करून, गवत कापून नेण्याची शिस्त लावून सामायिक डोंगर पुन्हा गवताळ करता येतो हे सिद्ध केले आहे. म्हणजे गवत आहे, द्विदल आहे, त्यांना आंबवायला लागणारी मळी साखर कारखान्यात तयार होते, आणि शास्त्रही आहे. तरी गर्भगिरीचे गवत मुरघासात जात नाही, कारण ते फुलोऱ्यावर येते भाद्रपद-आश्विनात, जेव्हा पाऊस पुरता उघडलेला नसतो, बाजरीची सोंगणी आणि रब्बीची पेरणी एकमेकींवर आलेली असते, मजुरी वर्षातल्या सर्वांत चढ्या भावावर असते. आणि तालुक्यातील मोहटादेवीची नवरात्रातील यात्रा आटोपून दसरा झाला की ज्या घरांना ते गवत सर्वाधिक उपयोगी पडले असते, तीच घरे कोयते घेऊन उसाच्या फडाकडे निघालेली असतात. ती परततात तोवर डोंगरावर उरते ती वाळलेली कुसळी.